माझ्या अंगावरचा देवला

मित्रांनो, मी एक तक्ता आहे. जुना म्हणालात तरी चालेल, पण फाटका म्हणू नका, मला राग येतो. मंगरूळपीरहून मानोऱ्याला जाताना रस्त्यात एक गाव लागतं. गावाला लागून तांडा आहे, आणि दोघांची मिळून एक शाळा आहे. त्या शाळेत सातवीच्या वर्गात, फळ्याच्या उजव्या हाताला मी टांगलेला असतो. माझ्या अंगावर माणसांची रांग आहे. पृथ्वीवर कधीकाळी नांदलेली आणि मग कायमची नाहीशी झालेली ही माणसं. रांगेच्या शेवटी उभा आहे तो आपला, आजचा माणूस.

तक्त्याला काय कळतं, असं म्हणाल. अहो, ज्यानं दिवसभर भिंतीला पाठ लावून वर्गाकडे बघायचं, त्याला मास्तरांपेक्षा जास्त दिसतं. मास्तर फळ्याकडे वळले की मागे काय चालतं ते मीच बघतो. चिंचा खाणं, चिमटे काढणं, सगळं माझ्यासमोर होतं. बहुतेक गोष्टींचं मला हसूच येतं. एका गोष्टीचं मात्र आलं नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म झाला तो उकंडराव गुरुजींच्या हट्टापायी. गुरुजी विज्ञान शिकवायचे. मूळचे अनसिंगकडचे, राहायला वाशीमला, आणि शाळा एसटीनं जाऊन-येऊन. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात शिक्षणाला फार मान. गुरुजी अक्षराच्या बाबतीत तर असे कडक की वेलांटी चुकली की वही परत! आणि नाव चुकलं तर विचारूच नका. त्याला कारण होतं. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हे जन्मले तेव्हा त्यांच्या आईनं, भागिरथाबाईनं, काळजावर दगड ठेवून बाळाला घडीभर उकिरड्यावर निजवलं आणि मग उचलून घरात आणलं. टाकून दिलेल्या लेकराकडे मरण बघत नाही, अशी समजूत. म्हणून नाव उकंडा. बाळ जगलं, पण शाळेत पोट्ट्यांनी त्या नावाचं पार उकिरड्या करून टाकलं. आईनं जीव वाचवायला ठेवलेल्या नावाची अशी माती झाली, हा सल गुरुजींच्या मनातून कधी गेला नाही. कुणाचंही नाव नीट घ्या, नीट लिहा, हे त्यांचं पालुपदच होऊन बसलं.

तर असे हे गुरुजी नाहीशा झालेल्या माणसांचा धडा शिकवायला बसले आणि अडकले. एका पुस्तकात लिहिलेलं ‘निअँडरथल’, दुसऱ्यात ‘निअँडरटाल’, तिसऱ्यात ‘नियांडरथॉल’. कुठे ‘होमो इरेक्टस’, कुठे ‘एरेक्टस’. ‘डेनिसोवन’ म्हणावं तर दुसरा म्हणतो ‘डेनिसोव्हन’. विकतचा तक्ता मागवला, तर त्याच्यावर चौथंच काहीतरी. गुरुजींचं डोकं उठलं. म्हणाले, “मेले म्हणून काय झालं? त्यांच्या नावाला कोणी वालीच नाही का?” आणि तिरीमिरीत मंगरूळपीरला सैफुद्दीन पेंटरच्या दुकानात जाऊन धडकले.

सैफुभाईंचं दुकान धान्याच्या अडतीला लागून. एके काळी गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आलं आणि पेंटरच्या पोटावर पाय आला. मग ट्रॉलीच्या मागे नावं रंगव, दुकानाच्या शटरवर भाव लिही, असं चाललेलं. गुरुजींचं काम ऐकून त्यांची कळी खुलली. मांजरपाटाचं कापड ताणलं, त्यावर सरस आणि पांढरा सफेदा चढवला, उन्हात वाळवला. वर-खाली बांबूची काठी शिवली. तो मी. कोरा होतो तेव्हा फार देखणा होतो, खोटं वाटेल तुम्हाला.

सैफुभाईंची एक रीत होती. अक्षर मनातून काढायचे, पण तोंड मात्र खऱ्या माणसाचं बघूनच. “हवेतून तोंड काढलं का ते भुताचं होते,” असं म्हणायचे. पुस्तकातली चित्रं होती पोस्टाच्या तिकिटाएवढी. मग इरेक्टसला त्यांनी आपल्या मामूंचं नाक दिलं. मामू कधीचेच वारले होते, त्यामुळे तक्रारीची धास्ती नव्हती. डेनिसोवनाची हाडं इतकी थोडी सापडली आहेत की तोंड कसं होतं ते सांगणं अवघड, असं गुरुजी म्हणाले, तर सैफुभाईंनी त्याला सरळ पाठमोरा उभा केला! राहिला निअँडरथल. रुंद खांदे, जाड भुवया, रुंद नाक. सैफुभाई तिकिटाएवढ्या चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, “अरे, हा मानूस तं माह्या माठातलं पानी रोज पेते!”

तो होता देवला. आमच्याच गावाच्या तांड्यावरचा. बाकीचा तांडा दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचा, देवला मात्र अडतीवर हमाली करायचा. सोयाबीनचं पोतं असं उचलायचा की जसं पोरगं कडेवर घेतलंय. सैफुभाईंनी त्याला पोत्यावर बसवलं आणि तोंड काढलं. काय तोंड काढलं होतं, मित्रांनो! थकलेलं, पण दमदार. माझ्या अंगावरचं ते सगळ्यात जिवंत चित्र होतं. देवला वाकून-वाकून बघायचा आणि लाजायचा. “सैफुभाई, हे कोठी लावतीन?” त्यानं विचारलं. “तुह्या गावच्या शाळेत,” ते म्हणाले. देवला दोन दिवस हवेत चालत होता म्हणे.

गुरुजी मला न्यायला आले तेव्हा चित्रांकडे त्यांनी उभ्या उभ्या नजर फिरवली, “छान, छान” म्हणाले, आणि नाक लावलं ते नावांच्या पट्टीला. “सैफुभाई, हा ‘थ’ बारीक झाला.” तिथेच बसून तो ‘थ’ त्यांनी जाड करून घेतला. देवला कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते वाशीमहून यायचे आणि घंटा झाली की परतीची गाडी पकडायचे. तांड्याकडे त्यांचं जाणं कधी झालंच नव्हतं.

माझे ते दिवस मोठे थाटाचे. गुरुजींना नवं पुस्तक मिळालं, त्यात नाव आणखी निराळं निघालं की माझी गुंडाळी व्हायची, ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती मंगरूळला जायची, आणि सैफुभाई पट्टी पुसून नाव नव्यानं लिहायचे. शेवटी गुरुजींनी ठरवलं की सगळीच रूपं लिहायची. एकाखाली एक. वर्गात ते छडी निअँडरथलाच्या कपाळावर टेकवायचे आणि विचारायचे, “हा कोण?” वर्ग ओरडायचा, “निअँडरथल!” “आणखी कसं लिहितात?” “निअँडरटाल!” “आणखी?” “नियांडरथॉल!” मग गुरुजी खुलून सांगायचे, “जर्मनीत एक दरी आहे, तिथे याची हाडं सापडली. दरीला ते आधी ‘थाल’ लिहीत. पुढे त्यांनी लिहिण्यातला ‘ह’ काढून ‘टाल’ केलं, पण शास्त्रातलं नाव जुनंच राहिलं.” एकदा मागून कोणीतरी म्हणालं, “मंग आपलंच बरोबर, गुरुजी. आपून वऱ्हाडी लोकं ‘ह’ खातोच!” गुरुजी पोट धरून हसले होते. तालुक्याहून एक साहेब आले, त्यांनीही माझी तारीफ केली. गुरुजींची मान ताठ झाली, आणि माझीही.

मग त्या वर्षी रुपा सातवीत आली.

रुपा देवलाची एकुलती एक. बोलणं कमी, डोकं तल्लख. पहिल्याच दिवशी ती माझ्यासमोर आली आणि तिचे डोळे विस्फारले. शेजारच्या फरहाचा हात ओढून म्हणाली, “अवं फरहा, हा माहा बा होय! बा घरी सांगे का मी शाळेत लागलो म्हून. मले खोटंच वाटे!” केवढा आनंद झाला होता पोरीला! बाप शाळेच्या भिंतीवर, ही काय साधी गोष्ट आहे? फरहालाही कौतुक वाटलं. पण आनंदाला पाय फुटतात. मधल्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या वर्गाला कळलं, आणि त्याच आठवड्यात गुरुजींनी छडी घेतली आणि माझा धडा सुरू केला.

“हा कोण?” “निअँडरथल!” आणि अख्खा वर्ग रुपाकडे वळून बघायला लागला.

तेव्हापासून ती ‘निअँडरथलची पोट्टी’ झाली. पाणी प्यायला उठली की वर्गातला बबलू मागून हात लोंबवत चालायचा. खेळात तिला घ्यायचे नाहीत, “तुमची जात तं खपली म्हने” असं म्हणायचे. तिच्या बाकावर कोणीतरी खिळ्यानं नाव कोरलं. तिन्ही रूपांत कोरलं, एकाखाली एक. एकही चूक नव्हती. गुरुजींनी तपासलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आणि गुरुजी? त्यांना वाटायचं, पोरगी हुशार आहे, अवघड नाव हीच सांगेल. “रुपा, ऊठ. सांग, हा कोण?” ती उठायची, मान खाली. वर्गात खसखस पिकायची. “हसता काय? येईल तिला, नाव अवघड आहे,” असं म्हणून गुरुजी छडी पुन्हा देवलाच्या कपाळावर टेकवायचे. मला ती छडी लागत नव्हती, मित्रांनो. कुणाला लागत होती ते मला समोरच दिसायचं. पण तक्त्याला तोंडं काढून दिलेली असतात, आवाज नाही. मी नुसता लटकत राहिलो.

तुम्ही म्हणाल, तिनं बापाला का नाही सांगितलं? कसं सांगणार! बाप रोज हमाली करून यायचा आणि विचारायचा, “काय म्हनते शाळेतला देवला? बरा आहे ना?”

एका दुपारी सगळी पोरं मैदानात होती. रुपा एकटी वर्गात आली. कंपासपेटीतून कर्कटक काढलं, बाकावर चढली आणि देवलाचं तोंड खरवडायला लागली. डोळे, भुवया, नाक. रंगाच्या खपल्या तिच्या पायांवर पडत होत्या. ती रडत नव्हती. दात आवळून एवढंच म्हणत होती, “बा, तू जाय इथून. बा, तू जाय.” मला कापडाला काय वाटायचं? पण त्या वेळी वाटलं, ही भिंत सुटावी आणि मी खाली पडावं.

गुरुजी आले, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा पारा चढला. एरवी वर्गात शुद्ध बोलायचे, रागावले की वऱ्हाडी बाहेर पडायची. “कोनाचं काम हे?” रुपा उभी राहिली. “तू? काहून?” ती जमिनीवरच्या रंगाच्या खपल्यांकडे बघत राहिली. “कितीदा दुरुस्त केलं मी हे, ठाऊक आहे का तुले? एकेक अक्षर जीव लावून लिवून घेतलं!” फरहा काही सांगायला अर्धी उठली होती, गुरुजींचं तोंड पाहून परत बसली. “उद्या बापाले घेऊन ये. नाईतं येऊ नको,” गुरुजी म्हणाले.

रुपा आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. दिवाळी होऊन गेली होती आणि तांडा उसाला निघायच्या तयारीत होता. देवलाच्या बहिणीला, मोतीबाईला, लहान लेकरं सांभाळायला पोरगी हवीच होती. एकदा ट्रकमध्ये चढलेली पोर पुन्हा सातवीच्या बाकावर बसत नाही, हे गुरुजींनाही ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, “अंगात मस्ती आहे, येईल.”

आला तो देवला. धुतलेला सदरा, डोक्याला लाल पटका, दारातच चपला काढून उभा. “गुरुजी, रुपा म्हनते मी उसाले जातो, शाळा नको. कारन सांगत नाई. तुमी दोन शब्द सांगा तिले. तुमचं आयकन ती.” तिनं बापाला काहीच सांगितलं नव्हतं. गुरुजी तक्रार करायला तोंड उघडणार, एवढ्यात देवला लाजत म्हणाला, “अन् एक डाव मले पाहू द्या ना. सैफुभाई म्हने, मी तुमच्या भिंतीवर आहो.”

गुरुजींना काही उमगेना. मागून बबलू दबक्या आवाजात म्हणाला, “घ्या! निअँडरथलच आला.” दोन-चार पोरं फिस्कन हसली.

गुरुजींनी देवलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुन्हा देवलाकडे. ते खांदे, ती कपाळाची ठेवण, खरवडण्यातून वाचलेला एक कान. इतकी वर्षं त्या तोंडावर छडी टेकवली होती त्यांनी, पण तोंड बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

देवला माझ्यापाशी आला आणि थबकला. “हे कोनं खरवडलं, गुरुजी?”

फरहानं रुपाच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं.

“माह्याच हातानं झालं,” गुरुजी म्हणाले.

“असू द्या, असू द्या. सैफुभाई पुन्हा काढन,” देवला घाईनं म्हणाला. गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून! “फक्त रुपाले सांगू नका. लय खुश झाली होती पोरगी मले इथं पाहून.” मग त्यानं पट्टीवर बोट ठेवलं. “हे माहं नाव लिवलं का?”

“नाई. एका जुन्या मानसाचं आहे. तो आता नाई.”

“मेला?”

“सगळेच गेले त्याचे. मांगं कोनी राह्यलं नाई.”

“आरारा! मंग त्याले तोंड नव्हतं म्हून माहं देलं. पुन्याचं काम झालं म्हना,” देवला म्हणाला आणि समाधानानं हात जोडून निघून गेला.

गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली. मग फरहाला म्हणाले, “काय झालं ते सांग.” फरहानं सगळं सांगितलं आणि रुपाचा बाक दाखवला. गुरुजींनी खाली वाकून वाचलं. तिन्ही रूपं बिनचूक. त्यांचाच धडा होता तो. लहानपणी आपल्याला उकिरड्या म्हणणाऱ्या पोरांचा गुरुजींना अजून राग होता, आणि इथे तसल्याच पोरांच्या हाती शब्द देणारा मास्तर कोण, तर आपण! ते त्या बाकावर बसले आणि तोंडावर रुमाल धरून रडले. पोरं हादरली. बबलूची तर मान वर होईना.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी परतीची गाडी सोडली आणि मला काखेत मारून मंगरूळ गाठलं. “सैफुभाई, कोनाचं तोंड काढता ते मले विचारायचं तरी!” ते ओरडले. सैफुभाईंना सगळं कळलं तेव्हा ते मटकन खाली बसले. “या अल्ला! मी तं त्याले राजा केला होता, सर.” मग डोळे पुसून म्हणाले, “अन् विचारायचं म्हनता? तुमी दर वेळी ‘थ’ पाह्यला, ‘ट’ पाह्यला. तोंडाचं कई काही विचारलं तुमी मले?”

गुरुजी स्टुलावर बसले आणि म्हणाले, “आता तथी माहं तोंड काढा.” सैफुभाई नको नको म्हणत होते, पण गुरुजी हलेनात. खरवडलेल्या जागी सफेदा चढला, आणि त्यावर उकंडराव गुरुजी उमटले. चष्मा तेवढा वगळला.

रात्रभर मी दुकानात वाळलो. सकाळी पहिल्या गाडीनं गुरुजी आले आणि मला उघडाच, दोन्ही हातांनी धरून, तांड्यावर गेले. देवला कामाला गेला होता. मोतीबाई गोधड्यांचं बोचकं बांधत होती आणि रुपा भांडी घासत होती. गुरुजींना बघून ती उठली, राखेचे हात तसेच.

“रुपा, चूक माही होती,” गुरुजी म्हणाले. “तुह्या बाले मी सांगतलं, का मीच खरवडलं. तू भेऊ नको. हे पाह्य.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “हे तं तुमी होय.”

“हाव.”

“पोट्टे तुमाले म्हनतीन आता.”

“म्हनू दे.”

“तुमच्या हातात छडी आहे, गुरुजी,” रुपा म्हणाली. “माह्या बाच्या हातात काय होतं?”

मोतीबाईचे हात थांबले. आणि रुपा, कधी न बोलणारी रुपा, बोलतच राहिली. “अन् माह्या बाले पुसून टाकलं, तं तो कोठी गेला म्हून सांगू मी त्याले? हा शेवटचा, आजचा मानूस म्हनता तुमी, हा सूटवाला कोन होय? असा तं आपल्या गावात कोनीच नाई. माहा बा जिता आहे ना? मंग मेलेल्यायच्या रांगीत त्यालेच काहून उभं केलं?”

तो सूटवाला गुरुजींनीच दिला होता. कापडाच्या दुकानाच्या कॅलेंडरवरून. आजचा माणूस म्हटल्यावर त्यांना गोरापान, इस्त्रीचाच आठवला होता, आणि त्यात काही चुकलं असं कधी वाटलंही नव्हतं.

“मले दिसला नाई तुहा बा,” गुरुजी म्हणाले. “मी नावच पाहत बसलो.”

“मंग आता पाहा,” रुपा म्हणाली आणि पुन्हा भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सैफुभाई रंगाचे डबे घेऊन शाळेत आले. गुरुजींनी स्वतःची खुर्ची वर्गाच्या मधोमध ठेवली आणि देवलाला तिच्यावर बसवलं. तो अंग चोरून टेकला होता, गुरुजींनी खांद्यांना धरून नीट बसवलं. सूटवाला पुसला गेला आणि त्याच्या जागी देवला उभा राहिला, लाल पटक्यासकट. “अन् माही ती जागा?” त्यानं विचारलं. “ते तोंड माह्यानं खराब झालं ना? आता तथी मी,” गुरुजी म्हणाले. सैफुभाईंनी ब्रश वर धरून विचारलं, “नाव काय टाकू, सर?” गुरुजी म्हणाले, “मले नका विचारू. तिले विचारा.” रुपा दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे! तिनं आत येऊन फळ्यावर बापाचं नाव लिहिलं आणि सैफुभाईंनी ते उतरवलं.

ट्रक गेला. रुपा त्यात नव्हती.

पण मित्रांनो, एवढ्यानं सगळं गोड झालं, असं समजू नका. रुपा त्या वर्षी विचारलं तेवढंच बोलली. गुरुजींकडे तिनं कधी मान वर करून बघितलं नाही. पोरं सुरुवातीला माझ्यावरचे गुरुजी बघून हसली, गुरुजींनी हसू दिलं. ‘निअँडरथल गुरुजी’ असं बबलूनंच पहिल्यांदा म्हटलं, तर गुरुजी म्हणाले, “हजर!” तो खजील झाला. तिच्याशी खेळायला मग फरहा होती, हळूहळू इतर आल्या. बाकावर कोरलेलं मात्र जाता गेलं नाही. गुरुजींनी तो बाक आपल्या टेबलापाशी घेतला आणि रुपाला दुसरा दिला.

तुम्ही शिका, खूप शिका. जी माणसं आता नाहीत त्यांची नावंही नीट लिहायला शिका, कारण चुकलं तर भांडायला त्यांच्यातलं कोणी येणार नाही. पण नाव उच्चारताना बोट कुणाकडे जातंय, तेही बघा. शाई सुकायच्या आधी बघा. माझ्या अंगावर सफेदा पुन्हा चढला, मी बरा झालो. मी कापड आहे. माणसावर सफेदा चढत नाही.

देवला अजून येतो. उसाहून कोणी पाहुणा परतला की त्याला घेऊन येतो, आणि माझ्यासमोर उभा करून “हा मी” असं सांगतो. पहिल्या खेपेलाच गुरुजींनी त्याला बाजूला नेलं होतं. “देवलाभाऊ, तुमाले एक खरं सांगायचं राह्यलं,” असं म्हणाले. मागे बाकावरून रुपा उभी राहिली. तिनं मान हलवली, नाही म्हणून. गुरुजी थांबले. सांगून मोकळं होण्याची सोयही पोरीनं त्यांना दिली नाही, आणि मला वाटतं, तिचं बरोबर होतं.

“काय सांगत होते, गुरुजी?”

“काही नाई.”

देवलानं नेहमीसारखे हात जोडले. डोळ्यात पाणी आणून म्हणाला, “तुमचे लय उपकार झाले, गुरुजी. तुमी होते म्हून. नाईतं आमच्यासारख्यायच्या तोंडाकडं कोन पाह्यते?”